छिंगने लिहिलेल्या दोऊ काकू

थंडीच्या सुटीसाठी मुलांना घरी सोडताना कॉलेज दरवर्षी एक काम मागे लावून देतं. समाजाचं निरीक्षण करा, आपल्या शहरातलं राजकारण आणि रोजचं जगणं यावर किमान तीन हजार अक्षरं लिहा, आणि ज्या वस्तीबद्दल लिहिलंत त्या वस्तीच्या समितीचा गोल लाल शिक्का घेऊन या. हे काम कोणी करत नाही. म्हणजे उरकतात सगळेच, पण ज्याला करणं म्हणतात तसं कोणी करत नाही. मागच्या वर्षीच्या कुणाचं तरी घ्यायचं, शहराचं नाव बदलायचं, मधे चार ठिकाणी 'विकास' घालायचा आणि शेवटच्या दिवशी समितीच्या ऑफिसात पळायचं. तिथली बाई न बघता शिक्का मारते, कॉलेजातले सर न वाचता गुण देतात आणि समाजाचं निरीक्षण पार पडतं. इतकी वर्षं हे बिनबोभाट चाललं होतं. मियाओ छिंगने घोळ घातला, कारण तिने ते खरोखरच लिहिलं.

छिंग वीस वर्षांची होती, दुसऱ्या वर्षाला. वर्गात पहिल्या बाकावर बसणारी, सरांनी प्रश्न विचारला की ज्यांच्या हाताला आपोआप वर जायची सवय असते त्यातली. त्या वर्षी नवीन आलेल्या तरुण सरांनी सांगितलं होतं, "शहरावर लिहू नका. शहर कुणालाच लिहिता येत नाही. एक माणूस घ्या. जे दिसतं तेवढंच लिहा, पण खरं लिहा." बाकीच्यांनी हे या कानाने ऐकून त्या कानाने सोडून दिलं. छिंगने वहीत उतरवून घेतलं आणि खाली रेघ मारली. मला त्या सरांचाही राग येतो कधी कधी. खरं लिहा म्हणायला काय जातं?

शनयांग शहराच्या पश्चिमेला, बंद पडलेल्या फाउंड्रीच्या मागे, कामगारांच्या विटांच्या इमारती अजून उभ्या आहेत. छिंग तिथेच तिसऱ्या मजल्यावर वाढली. समोरचं दार दोऊंचं. आई कामावर गेली की छिंग त्यांच्याकडे असायची. शाळेतून आली की दप्तर त्यांच्या दाराशी टाकून आधी आंबवलेल्या कोबीचा एक तुकडा तोंडात घालायची आणि मग घरी जायची. त्यामुळे एक माणूस घ्या म्हटल्यावर कुणाला घ्यायचं याचा तिला विचारच करावा लागला नाही.

"माझ्यावर लिहितेस?" दोऊ काकू कोबीच्या मोठ्या रांजणात कोपरापर्यंत हात घालून उभ्या होत्या. "माझ्यावर काय लिहायचं मेलीने? मी काय अंतराळात जाऊन आले?"

"क्रेनचं लिहिते काकू."

"हां, मग लिही. तेवढंच माझं अंतराळ."

काकू एकवीस वर्षं फाउंड्रीत छतालगतची क्रेन चालवत होत्या. सकाळी लोखंडी शिडीने वर चढायचं, काचेच्या खोलीत बसायचं आणि संध्याकाळीच उतरायचं. मधे लघवीला उतरायला नको म्हणून पाणी कमी प्यायचं. खाली वितळलेल्या लोखंडाच्या बादल्या, पलीकडे साचे, आणि अगदी टोकाला ज्याला सगळे वाळूखातं म्हणत ते. ओतून गार झालेल्या लोखंडावर वाळूचा फवारा मारून ते साफ करायचं काम तिथे चाले. दोऊ काका त्या खात्यात होते.

"हिला वरून... सगळं दिसायचं," काका भिंतीशी बसल्या जागेवरून म्हणाले. "फक्त... मी सोडून."

"दिसायचात की," काकू म्हणाल्या. "ढग जिथे सगळ्यात दाट, तिथे तुम्ही. मी बादली हलवता हलवता ढगालाच बघायचे. लग्न ठरायच्या आधीपासून बघायचे, आता काय लपवायचं. छिंग, हे नको लिहूस."

छिंगने ते लिहिलं.

काका आता आडवे होऊ शकत नसत. दुमडलेल्या रजईवर पुढे झुकून, कपाळ टेकून बसल्या बसल्याच झोपत. तीन-चार शब्दांना एक श्वास लागे आणि तो कुठून तरी ओढून आणावा लागे. त्यांच्या छातीत वाळू बसली होती, हे इमारतीतल्या पोरासोरांनाही ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते फक्त कागदाला. कामामुळे आजार झाला असं सर्टिफिकेट मिळालं तर उपचार कंपनीच्या गळ्यात पडणार होते, मोठ्या हॉस्पिटलात खाट मिळणार होती. पण ते तपासणारं हॉस्पिटल म्हणे, आधी कंपनीचं पत्र आणा. फाउंड्री विकत घेतलेल्या नव्या कंपनीने पत्र दिलं होतं. त्यात लिहिलं होतं, दोऊ हे गोदामाचे रखवालदार होते.

"रखवालदार!" काकूंनी कोबीचा गड्डा इतक्या जोरात पिळला की पाणी छिंगच्या वहीवर उडालं. "खुर्चीवर बसून बसून माणसाच्या छातीत वाळू जाते होय गं? मग त्या कंपनीच्या मॅनेजरच्या छातीत समुद्रकिनारा असायला हवा."

काका हसले आणि ते हसणं त्यांना पाच मिनिटं पुरलं.

शहरातल्या प्रत्येक ऑफिसात काकूंचे खेटे घालून झाले होते. दोनदा त्या अर्ज घेऊन बीजिंगलाही निघाल्या होत्या. पहिल्यांदा शनयांगच्या स्टेशनावरच समितीच्या माणसांनी त्यांना हाताला धरून परत आणलं. दुसऱ्यांदा बीजिंगला उतरल्या, पण बाहेरच्या दाराशीच आपल्या गावची बोली बोलणारे दोघे जण गाडी घेऊन उभे होते. मार्चमध्ये राजधानीत मोठी सभा भरते. त्या आधी ज्या वस्तीतून कोणी अर्ज घेऊन तिथे पोचतं, त्या वस्तीच्या समितीचा नंबर खाली जातो आणि वरून लाथा बसतात. म्हणून नववर्ष झालं की काकूंच्या जिन्याखाली लाल फडकी दंडावर बांधलेले दोन म्हातारे स्टूल टाकून बसू लागत. काकू जाता येता त्यांना गरम पाणी देत.

"थोर माणसांनाच पहारा असतो," त्या म्हणत. "ऐकलंत का, तुमची बायको थोर आहे हो."

या वर्षी त्यांनी वेगळं ठरवलं होतं, आणि ते त्यांनी त्याच दुपारी छिंगला सांगितलं. का सांगितलं? कारण छिंग घरचीच होती, आणि इतके दिवस मनात धरून ठेवलेली गोष्ट कुणाला तरी सांगितल्याशिवाय माणसाला राहवत नाही. नवीन वर्षाच्या पहिल्या पौर्णिमेला आमच्याकडे लोक आईबापांच्या थडग्यांवर दिवे लावायला जातात. त्या दिवशी कोणी कुणाला अडवत नाही; दिवा घेऊन निघालेल्या लेकीला अडवायचं पाप समितीसुद्धा डोक्यावर घेत नाही. काकू माहेरच्या गावी जाणार, आईबापांना दिवे लावणार आणि तिथून शनयांगला न परतता जवळच्या छोट्या स्टेशनावरून सावकाश जाणारी गाडी पकडणार. सोबत तीन जुन्या कामगारांचे जबाब होते: दोऊ वाळूखात्यात होता, आम्ही डोळ्यांनी पाहिलंय. प्रत्येकाखाली लाल शाईतला अंगठा. त्यातला एक, ओतारी कांग, स्वतःच शेवटच्या घटका मोजत होता. अंगठा उठवताना त्याचा हात काकूंनी धरला होता. हे कागद त्यांनी जाड कोटाच्या डाव्या अस्तरात शिवले होते.

"शिवण बघ," काकूंनी कोट उलटून दाखवला. "कळतंय का कुठे उसवलंय?"

"नाही काकू."

"माझ्या आईने शिकवलेला टाका आहे."

छिंगने चौदा पानं लिहिली. लिहिताना ती दोनदा रडली. क्रेन लिहिली, ढग लिहिला, पहाऱ्यावरच्या म्हाताऱ्यांना दिलेलं गरम पाणी लिहिलं, आणि शेवटी दिवे, गाडी, अस्तर सगळं लिहिलं. कारण त्याशिवाय काकू पुऱ्या होत नव्हत्या. तिने नाव बदलून 'दी काकू' केलं. पौर्णिमेनंतर पाच दिवसांनी कॉलेज उघडणार, सर वाचतील तोवर काकू बीजिंगला पोचून अर्ज देऊन मोकळ्या झालेल्या असतील, असा तिने हिशेब केला. हिशेबात चूक नव्हती. शिक्का मारणारी बाई वाचत नाही, हे तर जगजाहीर होतं.

पण त्या वर्षी कॉलेजने एक नवीन नियम काढला होता. आदल्या साली मुलांनी कोऱ्या फॉर्मवर शिक्का घेऊन मागाहून वाट्टेल ती पानं जोडली होती. म्हणून आता सगळी पानं पंख्यासारखी पसरायची आणि सगळ्यांच्या कडांवर पडेल असा एकच शिक्का मारायचा, म्हणजे एकही पान बदलता येत नाही. पौर्णिमेच्या दोन दिवस आधी छिंग ती चौदा पानं घेऊन समितीच्या ऑफिसात गेली.

"अगंबाई, छिंग! केवढी झालीस!" ऑफिस सांभाळणाऱ्या वेनबाईंनी सूर्यफुलाच्या बियांची बशी पुढे सरकवली. छिंगच्या आईला शाळेच्या स्वयंपाकघरात त्यांनीच चिकटवलं होतं. लहानपणी छिंगला गोवर आला तेव्हा दवाखान्यात त्याच घेऊन गेल्या होत्या. "काय, शिक्का? आण इकडे. हाताने लिहिलंस? हल्ली कोण लिहितं हाताने! अक्षर बघा पोरीचं."

बाईंनी पानं पसरली. पंखा नीट जमेना, एक पान सारखं मागे जाई. त्यांनी ते पुढे ओढलं, आणि ओढता ओढता त्यांची नजर त्यावर पडली. मग चष्मा वर ढकलून त्यांनी आणखी एक पान ओढलं. भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत छिंग बिया सोलत राहिली.

"दी काकू," वेनबाई म्हणाल्या.

"नाव बदललंय मी, मावशी."

"बदलावंच. चांगलं केलंस." त्यांनी शिक्का शाईच्या डबीत दाबला, पानांच्या कडांवर ठेवला, दोन्ही हातांनी जोर दिला. "छान लिहिलंयस हो. क्रेनवरची बाई. मी विसरूनच गेले होते त्या क्रेन चालवायच्या ते." फाइलला एक झेरॉक्स लागते म्हणत त्यांनी पानं कोपऱ्यातल्या मशीनमधून काढली, आणि शिक्क्याला झाकण लावताना सहज म्हणाल्या, "पौर्णिमेला दिवे लावायला माणसाने जायलाच हवं. आईबाप काय पुन्हा भेटतात? यांचं माहेर तिकडे दक्षिणेला कुठेसं ना, आनशानकडे?"

"नाही मावशी," छिंग म्हणाली. "शिनमिनच्या पुढे. ताकोऊ गाव."

हे तिच्या तोंडून कसं निघालं ते तिला आयुष्यभर सांगता येणार नाही. कोणी धमकावलं नव्हतं, कोणी मारलं नव्हतं. पानांत गावाचं नाव नव्हतं, ते तिने मुद्दाम गाळलं होतं. पण मोठ्या माणसाने चुकीचं उत्तर दिलं होतं, बरोबर उत्तर तिला येत होतं, आणि चौदा वर्षं ती पहिल्या बाकावर बसत आली होती.

"हो का? बघ, मी कुठलं कुठे नेऊन ठेवलं," वेनबाई म्हणाल्या आणि मूठभर बिया त्यांनी तिच्या खिशात कोंबल्या.

घरी आई कणीक मळत होती. छिंगने सगळं सांगितलं तेव्हा तिचे हात थांबले.

"आई, मी काकूंना जाऊन सांगते. आत्ता जाते."

"काय सांगणार? की जाऊ नका? मग त्या जाणार नाहीत. मग वेनबाई विचारणार, यांना कुणी सावध केलं? त्यांना काय दहा नावं सुचणार आहेत? एकच सुचणार."

"मग काय करू?"

"कदाचित वाचलंच नसेल नीट. दोन पानं चाळली, झेरॉक्स फाइलीत टाकली, झालं."

"गावाचं विचारलं ना आई."

"बायका विचारतात गं माहेर कुठलं म्हणून!" आई ओरडली, आणि लगेच आवाज खाली आणून समोरच्या दाराकडे बघू लागली. "मला काय काळीज नाहीये? तुझ्या काकांना मी परवा मान धरून पेज पाजलीय. पण ते स्वयंपाकघर गेलं तर तुझं कॉलेज गेलं. एवढं तुझ्या निरीक्षणात आलं का?"

छिंग काकूंकडे गेली नाही. दोन दिवस ती स्वतःला समजावत राहिली, की वाचलं नसेल. पहाऱ्यावरचे म्हातारे तसेच दोनच होते, ते पाहून तिचा जीव भांड्यात पडला. तिसरा वाढवला असता तर काळजी. एक माणूसही वाढवला नाही याचा अर्थ त्यांना इथे अडवायचंच नव्हतं, हे तिच्या डोक्यात आलं नाही. किंवा आलं, आणि तिने येऊ दिलं नाही.

पौर्णिमेच्या सकाळी दोऊ काकू जिन्यात भेटल्या. अंगात तो जाड कोट, हातातल्या पिशवीत दोन कागदी दिवे, मेणबत्त्यांचा पुडा, गोड गोळ्यांचा डबा.

"बरं झालं भेटलीस. ही किल्ली. दोन-तीन दिवस काकांकडे बघ. पेज पातळ कर, चमचा छोटा घे. आणि त्यांना हसवू नकोस, मरतील."

"काकू..."

"काय गं? चेहरा असा का?"

खाली स्टुलावरचा म्हातारा खाकरला. जिन्यातून वर गार वारा येत होता. छिंगच्या तोंडात ते वाक्य तयार होतं, अगदी दातांच्या मागे. दोन दिवस तिने तेच घोकलं होतं. आईच्या स्वयंपाकघराचा वास तिला आठवला की नाही, तिला आता आठवत नाही.

"सांभाळून जा," ती म्हणाली.

"मला काय होतंय," काकूंनी डाव्या बाजूने कोट थोपटला आणि त्या भराभर पायऱ्या उतरून गेल्या.

तिसऱ्या दिवशी वेनबाई दोऊंच्या घरी आल्या. बरोबर सफरचंदांची टोपली आणि एक फोटो काढणारा. काकांच्या मांडीवर टोपली ठेवून फोटो काढला. काका पुढे झुकलेले असल्यामुळे फोटोत त्यांचा चेहरा आलाच नाही, सफरचंदं तेवढी छान आली.

"दोऊ वहिनी अभ्यासवर्गाला गेल्यात," वेनबाईंनी काकांना मोठ्याने सांगितलं, ते बहिरे असल्यागत. "कायद्याचा अभ्यास. पाहुण्यांच्या बंगल्यात सोय आहे, खाणंपिणं सगळं सरकारी. मोठी सभा संपली की येतील. काळजी करू नका." दाराशी त्यांनी छिंगचा हात धरला आणि हळूच म्हणाल्या, "दिवे लावू दिले हो आम्ही आधी. आमची माणसं थडग्यांपासून लांब उभी राहिली. आम्ही काय दगड आहोत?"

त्यांना खरंच वाईट वाटत होतं. त्यांचे डोळे ओले होते. ते मला सगळ्यात जास्त सलतं.

"आणि ते कागद, मावशी?" छिंगने विचारलं.

"कुठले कागद?" वेनबाई म्हणाल्या आणि फोटोवाल्याला घेऊन खाली गेल्या.

पुढचे दोन दिवस छिंग काकांजवळ बसून होती. पेज पातळ करायची, चमचा छोटा घ्यायची. शेवटच्या दुपारी तिला सहन होईना. तिने त्यांना सगळं सांगितलं, गावाच्या नावासकट. सांगताना ती त्यांच्याकडे न बघता रजईच्या दुमडीकडे बघत होती. काका रजईवर कपाळ टेकून श्वास ओढत राहिले. तिला वाटलं त्यांना धाप लागलीय. मग त्यांनी हात पुढे केला.

"वाच."

"काय काका?"

"लिहिलंस ते... वाच."

तिने चौदाच्या चौदा पानं वाचून दाखवली. क्रेनच्या खोलीतून काकू ढगाकडे बघत बसायच्या ते आलं तेव्हा काकांनी डोळे मिटले. पानं संपली. बाहेर जिन्यात कुणीतरी पोत्याने बर्फ झटकत होतं.

"माझ्या बाजूचं... एवढं कुणी... लिहिलं नव्हतं," काका म्हणाले. मग तीन श्वास ओढून, "तिला... तू सांग. मी... नाही सांगणार."

"सांगते काका."

"तूच... सांग."

दुसऱ्या दिवशी तिची गाडी होती. किल्ली तिने आईच्या हातात दिली आणि ती कॉलेजला निघून गेली. सभा संपेपर्यंत काकू सुटणार नव्हत्या, तोवर थांबणं शक्य नव्हतं, हे खरंच होतं. चिठ्ठी लिहून ठेवता आली असती हेही खरं होतं. आता कागदावर काही लिहायची तिला धास्ती बसली होती.

निबंधावर सरांनी शेरा मारला: भाषा चांगली, निष्कर्ष कमकुवत. मग वर्ग सुटल्यावर त्यांनी तिला थांबवून घेतलं, दार लोटलं आणि पानं तिच्या हातात परत दिली. "हे कुणाला दाखवू नकोस," ते म्हणाले. तिने विचारलं, सर, तुम्हीच खरं लिहा म्हणाला होतात ना? सर खिडकीकडे बघत म्हणाले, मी उदाहरणादाखल म्हणालो होतो.

मार्चच्या शेवटी आईचा फोन आला. काकू परत आल्या होत्या, बारीक झाल्या होत्या. कोटाचं डावं अस्तर कुणीतरी अगदी नेमक्या जागी उसवलं होतं, बाकी कोटाला हात लावला नव्हता. ओतारी कांग नववर्षातच गेला होता. उरलेल्या दोघांच्या घरी समितीची माणसं सफरचंदं घेऊन जाऊन आली आणि त्या दोघांनाही आठवेना, की दोऊ नक्की कुठल्या खात्यात होता. आता एकही अंगठा नव्हता आणि पुन्हा मिळणारही नव्हता.

"काकू माझ्याबद्दल काही म्हणाल्या?" छिंगने विचारलं.

"छे. तुझी तब्येत विचारली."

"आई, त्यांना कळलंय का?"

आई म्हणाली, जेवत जा वेळेवर.

एप्रिलमध्ये काका गेले. सकाळी, बसल्या जागी, कपाळ रजईवर टेकून. मोठ्या हॉस्पिटलातली खाट त्यांना मिळाली नाही. मृत्यूच्या दाखल्यावर न्यूमोनिया आणि वय अशी दोन कारणं आली, आणि धंदा या रकान्यात, कंपनीच्या पत्राबरहुकूम, रखवालदार.

मे महिन्याच्या सुटीत छिंग घरी आली ती ठरवूनच. गाडीत सगळा वेळ तिने वाक्य जुळवलं. क्षमा मागायची नाही, आधी सांगायचं. मग काकूंनी थोबाडीत मारली तर मारून घ्यायची. खरं तर तिला ती थोबाडीत हवीच होती. सामान घरात ठेवलं न ठेवलं तोच तिने समोरचं दार वाजवलं.

काकूंनी दार उघडलं. केस नीट बसवलेले, अंगात स्वच्छ निळा सदरा. घर आवरलेलं होतं. भिंतीशी रजई नव्हती. जिन्याखालचे म्हातारेही आता नव्हते, पहारा ठेवण्यासारखं काही उरलंच नव्हतं.

"ये ये, छिंग. बस. चहा घेतेस?"

काकूंनी तिला कधी चहा विचारला नव्हता. ती आली की रांजणाचं झाकण उघडलं जायचं, तुकडा हातात यायचा. आज काकूंनी बशीत पेला ठेवून दोन्ही हातांनी तिच्यापुढे धरला, पाहुण्याला धरतात तसा, आणि समोरच्या खुर्चीवर पाठ ताठ ठेवून बसल्या.

"काकू, मला तुम्हाला काही सांगायचंय."

"सांग की. अभ्यास कसा चाललाय? सरांना आवडला ना तुझा निबंध? मी वाचला. मला तिकडे वाचायला दिला होता, चौदाही पानं, झेरॉक्स. तुझं अक्षर लगेच ओळखलं मी."

छिंगचं गाडीत जुळवलेलं वाक्य कुठल्या कुठे गेलं.

"काकू, मी... मी काकांना वचन दिलं होतं की मी स्वतः..."

"यजमान शांतपणे गेले," काकू म्हणाल्या. त्यांचा आवाज मऊ होता, प्रत्येक शब्द वेगळा. असा आवाज छिंगने पूर्वी फक्त एकदाच ऐकला होता, वरच्या ऑफिसातून तपासणीला माणसं आली होती आणि काकू दारात उभं राहून त्यांना उत्तरं देत होत्या तेव्हा. "औषधपाणी सगळं वेळेवर झालं. समितीने फार केलं. माझी कुणाबद्दल काही तक्रार नाही."

"असं नका ना बोलू माझ्याशी!" छिंग रडायला लागली. "शिव्या द्या, मारा. काकू, मी छिंग आहे."

काकूंनी रुमाल पुढे केला. त्यांनी तो तिच्या डोळ्यांना लावला नाही, नुसता टेबलावर ठेवला.

"यजमान गोदामात रखवालदार होते," त्या म्हणाल्या. "खुर्चीवर बसून असायचे. वाळूखात्यात कधी गेले नाहीत. मी क्रेनवरून रोज बघायचे ना, मला माहीत आहे. हे असं लिही."

छिंगच्या हातात वही नव्हती, पेन नव्हतं, काहीच नव्हतं. तरी काकू पुढचं वाक्य बोलायच्या थांबल्या, आणि तिचं लिहून होईपर्यंत थांबावं तितका वेळ तिच्याकडे बघत थांबल्या.